नाव तेच, माणूस दुसरा: चुकीच्या ओळखीतून अटक आणि भरपाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षांपूर्वी बोट जेटीला लागून मासळीचे क्रेट उतरत होते, तेव्हा पहाटे दोन पोलीस आले आणि माझ्या चुलतभावाला घेऊन गेले. मुंबईच्या एका कोर्टाचं चेक बाउन्सच्या केसमधलं पकड वॉरंट होतं. नाव तेच, आडनाव तेच, गावही तेच. वडिलांच्या नावाच्या जागी मात्र एकच अक्षर होतं, आणि दोघांच्याही वडिलांचं नाव त्याच अक्षराने सुरू होतं. "साहेबानु, तो मी न्हय, तो खालच्या वाडीतलो," हे तो जीपमध्ये बसेपर्यंत सांगत होता. ज्या माणसाने आयुष्यात चेकबुक हातात धरलेलं नाही, पतपेढीतून स्लिप भरून पैसे काढतो, तो चेक बाउन्सच्या केसमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईच्या कोर्टात उभा होता. तक्रारदाराच्या वकिलानेच मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "हा तो नाही."

तेव्हापासून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले लोक मला हेच प्रश्न विचारत आले आहेत. मी वकील नाही. विधी सेवेच्या कामात स्वयंसेवक म्हणून जे शिकलो, ते इथे लिहिलं आहे.

असं आपल्याकडेच जास्त का होतं?

जास्त होतं की नाही याचा हिशेब माझ्याकडे नाही, पण होतं कसं ते सांगता येईल. आपल्याकडे एका वाडीत एकाच आडनावाची तीस-चाळीस घरं असतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. पत्ता म्हणजे 'मु. पो. अमुक, ता. तमुक', घर नंबर कोण लिहितो? त्यात खरा आरोपी बऱ्याचदा चाकरमानी. केस मुंबईची, तो राहतो नालासोपाऱ्याला, पण कागदावर पत्ता गावचा. वॉरंट गावच्या पोलीस ठाण्यात येतं आणि त्या नावाचा गावात सापडणारा माणूस उचलला जातो. वॉरंट बजावणाऱ्या हवालदाराकडे अशा कागदांचा गठ्ठा असतो. हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाही. चूक कुठे होते ते कळलं की ती कुठे पकडायची तेही कळतं.

पोलीस दारात आलेत, नाव माझंच घेतायत, पण प्रकरण माझं नाही. काय करू?

पळू नका, अंगावर जाऊ नका. पहिली मागणी एकच करा: "वॉरंट दाखवा." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७७ प्रमाणे वॉरंटमध्ये काय आहे ते सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि तुम्ही मागितलं तर वॉरंट दाखवावंच लागतं. (१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ही संहिता आली. जुन्या लोकांना कलम ७५ आठवत असेल, ते हेच.)

वॉरंट हातात आलं की चार गोष्टी बघा: वडिलांचं पूर्ण नाव, वय, पत्ता आणि केस नंबर. जमलं तर घरातल्या कुणाला तरी फोटो काढायला सांगा. मग आधार कार्ड, मतदान ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जे हाताशी असेल ते पुढे करा आणि मोठ्याने, चार लोकांसमोर सांगा की वॉरंटमधला माणूस तुम्ही नाही. पोलीस पाटलांना बोलावून घ्या. गावात कोण कुणाचा, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

हे सगळं करूनही नेलं, तर जा. पण "मी सांगितलं होतं, कागद दाखवले होते आणि अमुक अमुक लोक समोर होते" हे आता सिद्ध करता येईल. पुढची सगळी लढाई या एका वाक्यावर उभी राहते.

वॉरंट नसताना, नुसत्या संशयावरून नेलं तर?

दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना विनावॉरंट अटक करता येते, पण मनाला येईल तशी नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे ते लिहून ठेवावं लागतं, नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर व्हायला सांगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवर झाला पाहिजे, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि तुमचीही सही हवी (कलम ३६). अटकेची कारणं तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू असल्याचं स्पष्ट केलं.

ओळखीचाच वाद असेल तर ओळख परेडची (साक्षीदाराने अनेक माणसांतून आरोपी ओळखून दाखवायचा, त्याची) मागणी लेखी करा. आणि "चौकशीला चला, सोडतो" म्हणून नेलं आणि रात्रभर बसवून ठेवलं, तर कागदावर अटक नसली तरी ते डांबून ठेवणंच आहे.

चोवीस तास कधीपासून मोजायचे?

अटक केलेल्याला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. ते तास मोजायचे पकडलं तेव्हापासून. डायरीत नोंद केली तेव्हापासून नाही. प्रवासाचा वेळ वगळला जातो, हे खरं. नेमका इथेच घोळ होतो: जेटीवर पहाटे पाचला धरलं आणि स्टेशन डायरीत सकाळी अकराची नोंद झाली, तर सहा तास हवेत गेले. म्हणून नेताना किती वाजले होते ते घरच्यांनी लगेच कुणाला तरी मेसेज करून ठेवावं. व्हॉट्सॲपवर वेळ आपोआप पडते, आणि ती कुणाला खोडता येत नाही.

रविवार आहे, कोर्ट बंद आहे, हे कारण चालत नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी मॅजिस्ट्रेट असतात.

वॉरंट मुंबई-ठाण्याचं असेल तर थेट तिकडे नेऊ शकतात का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आमच्या घरी तेव्हा कुणालाच याचं उत्तर माहीत नव्हतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८२ आणि ८३ वाचा. वॉरंट दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टाचं असेल, ते कोर्ट पकडल्या ठिकाणापासून तीस किलोमीटरच्या आत नसेल आणि स्थानिक अधिकारी कोर्टापेक्षा जवळ असतील, तर आधी इथल्या मॅजिस्ट्रेट किंवा पोलीस अधीक्षकांसमोर उभं करायचं असतं. आणि त्यांनी आधी काय बघायचं? "हा माणूस त्या कोर्टाला हवा असलेलाच माणूस दिसतो का?" तसं दिसलं तरच पुढे पाठवायचं.

म्हणजे चुकीची ओळख सांगायची जागा कायद्यानेच तुमच्या जिल्ह्यात, तुमच्या माणसांच्या हाकेच्या अंतरावर ठेवली आहे. तिथे घरच्यांनी ओळखपत्रं आणि पोलीस पाटलाचा दाखला घेऊन उभं राहायचं. माझ्या भावाला थेट जीपमध्ये घालून घाट चढवला. कुणी विचारलंच नाही, कारण विचारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

वकील परवडत नाही.

कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. हेल्पलाइन १५१००.

"चूक झाली, सही करा आणि घरी जा," असं म्हणाले तर?

घरी जा, पण सही वाचून करा. कोऱ्या कागदावर करू नका. 'माझी काही तक्रार नाही' असं छापील वाक्य असेल, तर त्यावर सही करायची सक्ती नाही. सही करावीच लागली तर शेजारी स्वतःच्या अक्षरात आणल्याची आणि सोडल्याची वेळ लिहा. सुटकेच्या वेळी माणूस इतका दमलेला आणि लाजलेला असतो की कशावरही अंगठा उठवतो. म्हणून बाहेर थांबलेल्या नातेवाइकाने एवढं डोकं शांत ठेवावं.

कोर्टाने सोडलं असेल तर त्या दिवसाच्या रोजनाम्याची (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीची) सही-शिक्क्याची नक्कल नक्कल विभागातून काढा. 'हजर केलेली व्यक्ती आरोपी नाही' हे वाक्य त्यात असेल, तर तो कागद सोन्याचा आहे.

पोलिसांनी मुद्दाम केलं नाही, चुकून केलं. तरी ते जबाबदार ठरतात?

इथे नीट लक्ष द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ खाली (जुनं भारतीय दंड विधान कलम ७६) कायद्यानेच एक उदाहरण दिलं आहे: कोर्टाच्या अधिकाऱ्याला 'य' ला अटक करण्याचा हुकूम आहे, तो योग्य चौकशी करून 'झ' लाच 'य' समजतो आणि पकडतो, तर त्याने गुन्हा केला नाही.

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे उदाहरण नेमकं आपल्याच विषयाचं आहे. त्यातले 'योग्य चौकशी करून' हे शब्द धरून ठेवा. वडिलांचं नाव विचारलं का? वय जुळवलं का? आधार कार्ड पुढे केलं तेव्हा पाहिलं का? पोलीस पाटलाला फोन केला का? पंचवीस वर्षांच्या पोराला पन्नास वर्षांच्या माणसाच्या वॉरंटवर उचललं असेल, तर कसली चौकशी आणि कसलं काय. उलट नाव, वडिलांचं नाव, गाव, वय सगळं तंतोतंत जुळत असेल आणि पोलिसांनी दोन तासांत खातरजमा करून सोडलं असेल, तर भरपाईची आशा कमी ठेवा. वाईट वाटेल, पण खोटी आशा लावून कुणाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणं मला पटत नाही.

भरपाई नक्की कुठे मागायची?

चार-पाच दरवाजे आहेत, सगळे सारखे नाहीत.

पैशाच्या भरपाईसाठी सगळ्यात भक्कम दरवाजा उच्च न्यायालयाचा, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कावर (अनुच्छेद २१) सरकारी यंत्रणेने घाला घातला, तर सरकारने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रुदल शाह प्रकरणात लावलं आणि १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालात पक्कं केलं. 'सार्वभौम सरकारवर दावा चालत नाही' हा जुना बचाव अशा याचिकेत चालत नाही, हेही त्याच निकालात आहे. आपल्यासाठी मोठी सोय म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आले. आंबा घाट किंवा गगनबावडा चढला की कोर्ट. रायगडकरांना मात्र मुंबईच. अडचण एकच: काय घडलं यावरच दोन्ही बाजूंचा मोठा वाद असेल तर उच्च न्यायालय 'दिवाणी कोर्टात पुरावा द्या' म्हणून परत पाठवू शकतं. म्हणून कागद लागतात.

दुसरा दरवाजा राज्य मानवी हक्क आयोगाचा. मुंबईला, सीएसएमटी स्टेशनसमोर. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत साध्या कागदावर अर्ज चालतो. घटनेपासून एक वर्षाच्या आत करा. आयोग सरकारला भरपाई देण्याची शिफारस करतो. शिफारसच ती, हुकूम नव्हे, त्यामुळे नंतर पाठपुरावा करावा लागतो. तरी गरीब माणसाला मी आधी हाच रस्ता सांगतो.

तिसरा, दिवाणी दावा. यात मुदतीचा सापळा आहे, खाली वेगळं लिहिलं आहे.

पोलीस तक्रार प्राधिकरण पैसे देत नाही. रीत न पाळता केलेली अटक ही त्यांच्या कक्षेतली तक्रार आहे, पण तिथे मिळते ती अधिकाऱ्यावर कारवाईची शिफारस.

आणि शेवटी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९९. कुणीतरी पुरेसं कारण नसताना पोलिसांकरवी तुम्हाला अटक करायला लावली, तर मॅजिस्ट्रेट त्या माणसाकडून (पोलिसांकडून नव्हे) तुम्हाला भरपाई देववू शकतात. जास्तीत जास्त किती? एक हजार रुपये. चांगलं पापलेट घ्यायला गेलात तर तेवढ्यात पिशवी भरत नाही.

मुदत किती?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ सांगतं की कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवरचा दावा सहा महिन्यांत दाखल व्हायला हवा, नाहीतर फेटाळला जाईल. बेकायदा कैदेच्या दाव्याला मुदत कायद्यात एक वर्ष आहे म्हणून लोक निवांत राहतात आणि फसतात. त्यात सरकारवर दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. म्हणजे सुटल्यावर महिन्या-दीड महिन्यात वकिलाकडे पोचलं पाहिजे.

आमच्या घरी काय झालं? काकी म्हणाली, "सुटलो मां? पुरे." मग शिमगा आला, मग मासेमारी बंदी, मग गणपती. सहा महिने कधी गेले कळलंही नाही, आणि वर्षसुद्धा.

किती पैसे मिळतात?

दरपत्रक नाही. रुदल शाहला निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षं तुरुंगात ठेवलं होतं, त्याला सर्वोच्च न्यायालयाने तीस हजार दिले, आधीचे पाच हजार वेगळे. विधानसभेला जाऊ नये म्हणून पकडलेले जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना १९८५ मध्ये पन्नास हजार. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये पन्नास लाख. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जेमतेम अर्धा तास विनाकारण कोठडीत ठेवल्याबद्दल एका माणसाला पन्नास हजार दिले आणि ते संबंधित दोन उपनिरीक्षकांच्या पगारातून वसूल करायला सांगितले.

आता उलटं उदाहरण, आपल्याच राज्यातलं. मुंबईच्या एका वकिलाला रद्द झालेल्या वॉरंटवर २००२ मध्ये १५ ऑगस्टच्या दिवशी पकडलं होतं. उच्च न्यायालयाने पोलीस निरीक्षकाला स्वतःच्या खिशातून दोन हजार भरायला लावले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम वाढवली नाही. पण त्याच निकालात अजामीनपात्र वॉरंटबद्दल नियम घालून दिले: छापील, क्रमांक असलेला फॉर्म, केसचा पूर्ण तपशील, न्यायाधीशांची वाचता येईल अशी सही, शिक्का आणि कोर्टात त्याची नोंदवही. तुमच्या वॉरंटमध्ये यातलं काय नव्हतं ते तपासा. याचिकेत तो मुद्दा कामी येतो.

नुकसानीचा हिशेब मांडताना मोघम 'मानसिक त्रास' लिहून थांबू नका. त्या दिवशीची बोट चुकली, खलाशाची हजेरी बुडाली, वकिलाला इतके दिले, मुंबईला जाण्या-येण्याचे इतके, असं पावतीसकट लिहा.

पुरावा कसा गोळा करायचा? सगळे कागद तर पोलिसांकडेच.

माहितीच्या अधिकारात स्टेशन डायरीची त्या दिवसाची नोंद, वॉरंट बजावणीचा अहवाल आणि अटकेचा पंचनामा मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. सीसीटीव्हीसाठी वेगळा अर्ज ताबडतोब करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवायला हवं. 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या.

आपल्याकडचे काही पुरावे शहरातल्या वकिलाला सुचतही नाहीत. खऱ्या आरोपीने गुन्हा केला त्या तारखेला तुम्ही समुद्रात होतात? बोटीचं टोकन आणि बंदरावरच्या रक्षकाची नोंदवही बघा. आंब्याच्या बागेत राखणीला होतात? मालकाचं हजेरी पुस्तक. रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेतलंत? त्याची पावती तारीख-वेळेसह असते.

आणि हवालदाराचा बक्कल नंबर. नाव विसरलात तरी चालेल, तो नंबर लिहून ठेवा.

गावात तोंड दाखवायची लाज वाटते. पेपरात नावही आलंय.

संपादकांना कोर्टाच्या रोजनाम्याची प्रत जोडून दुरुस्ती छापायला लेखी कळवा. पोलीस अधीक्षकांकडेही 'चुकीच्या ओळखीतून ताब्यात घेतले होते' असं पत्र मागा. ते सहजासहजी मिळत नाही, तरी मागा. अर्ज केल्याची पोच हातात राहते.

मुलगा मर्चंट नेव्हीत जाणार आहे. पोलीस पडताळणीत अडेल का?

अडू शकतं, आणि आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वाडीत आहे. पासपोर्टच्या किंवा चारित्र्य पडताळणीच्या वेळी ठाण्यातल्या नोंदीत नाव दिसलं तर शेरा पडतो. म्हणून सुटल्यानंतर लगेच पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या: कोर्टाची नक्कल जोडा आणि नोंदीतून माझं नाव वेगळं करा असं लिहा. अर्ज टपालाने नको, आवक शाखेत देऊन शिक्का घ्या. पडताळणीला येणाऱ्या पोलिसासमोर ती पोच आणि नक्कल ठेवा. तरीही पासपोर्ट अडवला, तर ते उच्च न्यायालयात न्यायचं वेगळं कारण होतं.

तक्रार केली तर पोलीस मागे लागतील. गावातले म्हणतात मिटवून टाक.

भीती खोटी नाही. त्याच ठाण्याच्या हद्दीत तुम्हाला राहायचंय, बोटीचे कागद, भांडणं, अपघात सगळ्यासाठी तिथेच जायचंय. म्हणूनच मानवी हक्क आयोगाचा किंवा अधीक्षकांचा रस्ता मला बरा वाटतो, ठाण्याच्या दारात आरडाओरडा करण्यापेक्षा. मिटवायचंच असेल तर निदान अधीक्षकांचं ते 'चुकीच्या ओळखीतून'चं पत्र आणि नोंदीतली दुरुस्ती हातात पडेपर्यंत मिटवू नका.

माझ्या नावाचं वॉरंट फिरतंय असं ऐकलं. आधीच काही करता येईल?

येईल. ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. तुमच्या नावाची केस दिसली की तिचा नंबर टिपा, तक्रारदार कोण, वकील कोण ते बघा. मग स्थानिक पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांकडे अर्ज द्या: अमुक केसमधला आरोपी मी नाही, माझ्या वडिलांचं पूर्ण नाव हे, जन्मतारीख ही, सोबत ओळखपत्राच्या प्रती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. वॉरंट काढणाऱ्या कोर्टातही वकिलामार्फत असाच अर्ज देता येतो. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी रेल्वेचं तिकीट काढतानाच हे बघून घ्यावं.

माझ्या भावाच्या नावाचा तो दुसरा माणूस अजून कोर्टाला सापडलेला नाही. वॉरंट दोनदा पुन्हा गावात येऊन गेलं. रोजनाम्याची नक्कल त्याने लॅमिनेट करून घेतली आहे आणि बोटीच्या केबिनमध्ये विम्याच्या आणि परवान्याच्या कागदांबरोबर, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली आहे. दुसऱ्या वेळी हवालदाराने ती उलटून पालटून वाचली, फोटो काढला आणि म्हणाला, "मग तो खालच्या वाडीतला कुठे असतो?"